अडीच व्होल्ट

पिरनवाडीत जांबोटीकडं रस्ता वळतो, तिथं माझं पत्र्याचं शेड.
रुद्राप्पाचा पिकअप दुपारी टोचन लावून आला,
मागं फ्लॉवरची पोती, वर ओलं बारदान,
बोनेटच्या धुळीत त्याच्याच तळहाताचे दोन ठसे.
"एन आग्येती नोड्री," तो म्हणाला.
"बघतो की," मी म्हणालो.
आमचं असंच चालतं. कुणाच्या ध्यानातही येत नाही.

दुखणं असं :
कणकुंबीच्या पुढं चाक खड्ड्यात गेलं
की काटे सगळे एकदम शून्यावर झोपतात,
लागू नयेत ते सगळे दिवे लागतात
आणि इंजिन गप्प.
पाच मिनिटांनी आपलं आपण शहाणं.
शोरूमनं मशीन लावून कागद दिलाय :
इंजिनाशी संपर्क तुटला.
खाली आकडा, अडतीस हजार. कॉम्प्युटर बदला.
रुद्राप्पा गोव्याच्या फेऱ्या बोटांवर मोजत होता,
बोटं पुरत नव्हती.

माझ्याकडं एक डबा आहे.
मोबाईलवरून मागवलेला, दोन हजार सहाशेला,
पडदा काडेपेटीएवढा.
आला तेव्हा बायको म्हणाली,
"टीव्ही घेतलास तर एवढा बारका?"

ह्या गाडीत दोन वायरी, पिवळी नि हिरवी,
एकमेकींना पीळ घालून गाडीभर फिरतात.
कुणी बोलत नसलं की दोघी अडीच व्होल्टवर उभ्या.
बोलायचं झालं की पिवळी साडेतीनला चढते,
हिरवी दीडला उतरते.
ऐकणारा चढ ऐकत नाही, उतार ऐकत नाही,
दोघींमधलं अंतर तेवढं ऐकतो.
बाहेरचा गोंगाट दोघींना सारखाच लागतो
आणि वजाबाकीत मरतो.
हे शिकायची फी :
तीन रात्री, एक जळका प्रोब.

डब्याला डोळा एकच. एका वेळी एकच वायर.
पिवळीवर टोक लावलं, काळा चिमटा बॉडीला.
पडद्यावर दात उमटले,
कोपरे घासलेले, स्वस्तात तेवढेच दिसतात,
पण दात होते.
"सिद्राय, हलव."
त्यानं डॅशबोर्डखालची जुडी हलवली. दात जागच्या जागी.
फायरवॉलपाशी हलवली. काही नाही.
बॅटरीच्या ट्रेमागं हात घातला
आणि रेघ धपकन खाली. शून्य.
हात काढला, दात परत.
"अल्ले! अल्ले!"
माझ्या खांद्यावरून रुद्राप्पा ओरडला,
व्होल्ट म्हणजे काय ते ज्याला कधी लागलं नाही,
त्याला ते माझ्याआधी दिसलं.

गेल्या वर्षी पुढचा मार लागला होता.
पत्रा सरळ करणाऱ्यानं दोन रुपयांची क्लिप परत लावली नाही.
मग चोर्ल्याचा एकेक खड्डा
वायर थोडी थोडी पत्र्याच्या धारेवर घासत गेला,
मुंगीएवढं तांबं उघडं पडेपर्यंत.
पत्र्याला टेकलं की सगळी गाडी मुकी.

वीतभर तुकडा बदलला, होता तसाच पीळ घालून.
सिद्रायला पीळ म्हणजे शोभा वाटत होती,
त्याला एक टपली.
नळी चढवली, लायटरनं आवळली, नवी क्लिप.
"एवढ्याशा वायरला सहाशे?" रुद्राप्पा म्हणाला.
"वायरीचे चाळीस," मी म्हटलं,
आणि बाकीचे कशाचे ते मला नीट सांगता येईना.
पाचशे दिले, दोन फ्लॉवर दिले.
आठला गेला.

पहाटेला नाही, रात्रीच, अकरा वाजून दहा मिनिटांनी
उशाशी फोन एकदा वाजला नि बंद झाला.
साखळीला पोचला की तो असा एक मिस्ड कॉल देतो.
उचलायचा नसतो.
"काय म्हणाला?" बायकोनं अंधारात विचारलं.
काही नाही, म्हटलं.
पोचला.