डावा कोपरा

अंबादास गुर्रम सर कबड्डीत बचाव शिकवायचे.
फक्त बचाव.
चढाईला दुसरे सर होते, पेपरात फोटो त्यांचे यायचे.

तासिका तत्त्वावर एकवीस वर्षं,
तीन कॉलेजं, दर जूनला नवा अर्ज.
पहाटे साडेपाचला मैदानावर पाणी मारलेलं असायचं,
नंतर सोलापूरचं ऊन
माती विटेसारखी भाजून काढतं.

"घोटा बघ रे. डोळे खोटं बोलतात."
एवढंच. वर तेलुगूत एक शिवी,
जिचा अर्थ नरहरी बिंगीनं मला फार उशिरा सांगितला.
तितकी वाईट नव्हती ती.

साखर पेठेत त्यांच्या घरी दोन माग.
धागा तुटला की आवाजावरून कळायचं त्यांना.
आमची साखळी सुटली तरी
पाठमोरे ओरडायचे.

विद्यापीठाची फायनल एका गुणानं गेली.
मी आधी झेपावलो होतो.
सर काही बोलले नाहीत,
शेंगाचटणीचा डबा माझ्याकडं सरकवला.
अजून घशात आहे तो घास.

निरोपाला शाल, नारळ, प्राचार्यांचं भाषण :
"सरांनी कितीतरी चढाईपटू घडवले."
कुणी दुरुस्त केलं नाही,
सरांनीही नाही.

फाटकाशी आम्ही जुने सात जण, पोटं सुटलेली,
नकळत हातात हात धरून उभे.
सर थांबले.
चेहऱ्यांकडं नाही, पायांकडं बघितलं.
"डावा कोपरा पुढं आलाय."

मी पाय मागं घेतला.
तेवढ्या फटीतून
सर निघून गेले.