पहिली शंभर नावं

निहार, आज तुला एक कोरी वही देतील
आणि म्हणतील, ओळखीच्या शंभर जणांची नावं लिही.
सत्तेचाळीसपर्यंत तू सहज जाशील.
मग पेन थांबेल,
आणि कळेल की एवढं शहर पालथं घातलं
तरी आपल्याला नावानं ओळखणारी माणसं
दोन पानांच्या वर नाहीत.
त्या संध्याकाळी तू इस्त्रीवाल्याला त्याचं नाव विचारशील.

माझ्या यादीत अठ्ठ्याण्णवावा होता
दांडिया बाजारातला पंक्चर काढणारा रमजानी.
आज एकवीस वर्षांनी
त्याचीच पॉलिसी तेवढी एकदाही चुकली नाही.
माझी स्वतःची दोनदा बंद पडली.

आधी काका, मामा, आत्याचे जावई घेतील,
कपाळावर आठी ठेवून, पण घेतील.
पुढच्या लग्नात तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहील.
राहू दे. तिच्यावर बॅग ठेव.

भाषा शीक.
मराठी घरात ‘बघू’ म्हणजे नाही.
गुजराती घरात ‘पछी जोईशुं’ म्हणजेही नाहीच,
पण सोबत चहा येतो.
‘काले आवजो’ म्हणतील. काले म्हणजे उद्या.
आपल्या कानाला मात्र तो काल ऐकू येतो,
आणि खरं सांगू? बहुतेक वेळा
आपलाच कान बरोबर असतो.

मे महिन्यात रावपुऱ्याहून मांडवीला जाताना
शर्ट पाठीला चिकटेल, टाय डिकीत जाईल.
पुलावर थांबून विश्वामित्रीतली मगर बघ.
दुपारभर हलत नाही.
तिला टार्गेट नसतं.
तुला असेल. मार्चच्या शेवटच्या रात्री
पावणेबाराला मॅनेजर विचारेल, अजून एक होईल का,
आणि तू झोपलेल्या शाळामित्राला फोन करशील.
तो उचलेल. त्यानंतर कधी उचलणार नाही.

आता ट्रेनिंगमध्ये सांगणार नाहीत ते ऐक.
अकोट्याच्या हसुमतीबेन. वय एकसष्ट.
नवऱ्याच्या फंडाची मुदत ठेव मोडायला लावून
मी त्यांना पंधरा वर्षांची योजना विकली,
दर वर्षी हप्ता.
सही करताना त्यांनी विचारलं, चष्मा आणू का?
मी म्हटलं, गरज नाही.
तिसऱ्या हप्त्याला पैसे संपले. हाती आलं ते निम्मंही नव्हतं.
भांडल्या नाहीत. ‘भाई, मने समजायुं नहोतुं’
एवढंच, आणि दार हळू लावलं.
त्या महिन्यात आकडा पूर्ण केल्याबद्दल
मला बक्षीस मिळाला होता मिक्सर.
चांगल्या कंपनीचा. बिघडतच नाही.
बायको चटणी वाटायला लागली
की मी गॅलरीत जातो.

म्हणून सांगतो, चष्मा आणू दे.
वाट बघ. सही गेली तरी चालेल.

आणि मकरपुऱ्यात, लेथवर काम करणारे दिघे होते.
दर जुलैत मी गेलो की त्यांची बायको
भांडी जरा मोठ्यानं आपटायची.
ते गेले, अचानक, दुसऱ्या पाळीत.
मी कागद जमवले, दोन महिने खेटे घातले,
चेक नेऊन दिला. तिनं तो वाचला,
मग पुन्हा वाचला, डब्याखाली ठेवला
आणि विचारलं, म्हणजे आता जुलैत
तुम्ही येणार नाही?

यावर काय बोलायचं
ते मला अजून आलेलं नाही.

असो. चल, सेव-उसळ खाऊ,
पहिलं कमिशन येईपर्यंत पैसे मी देतो.
वही आण इकडे. किती झाली? एकोणसाठ?
साठावं माझं लिही.
मी ‘बघू’ म्हणेन.
तेवढाच तुला सराव.