रद्द, एक

कोर्टहाउसच्या तळघरात हीटर खोकत असतो.
टेबलावर चारशे त्रेचाळीस मतपत्रिका,
मी, शेरीफचा मिसरूड फुटलेला डेप्युटी,
एका उमेदवाराची बायको, दुसरीचा नवरा.
कॉफी कुणीच घेत नाही. केली मात्र आहे.

सव्वीस वर्षं मी या काउंटीचा जमाखर्च लिहिते.
माणसं एकोणीसशे, रस्ते बाराशे मैल.
म्हणजे माणशी अर्ध्या मैलाहून जास्त खडी.
जन्माच्या दाखल्यावर हे लिहीत नाहीत,
पण कुणाकडे पोर झालं की
माझ्या डोक्यात एक ट्रक रिकामा होतो.

भांडण बॅजर ओढ्यावरच्या पुलाचं.
लाकडी, तीन टनांची पाटी लावलेला,
आणि शाळेची बस रिकामीच सहा टनांची.
नवा बांधायचा तर पावणेपाच लाख डॉलर.
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून,
हे मी दर जुलैत बैठकीत सांगते
थोड्या सभ्य शब्दांत, तीन प्रतींत.

ड्वेन रुस्टाड म्हणतो, बंद करा.
त्याचाच गहू पलीकडे आहे, दोनशे चाळीस एकर.
अकरा मैलांचा वळसा त्यालाच पडणार,
तरी म्हणतो, बंद करा, परवडत नाही.
लिओरा कुख्टा म्हणते, बांधा.
ती गावात राहते, दवाखान्याच्या मागे,
त्या पुलावरून शेवटची कधी गेली तिलाच आठवत नाही.
पण पलीकडे तीन मुलं आहेत, म्हणते,
आणि मुलांची नावं तिला पाठ आहेत.

असं असल्यावर माणसानं कुणावर चिडायचं?

दोनशे एकवीस. दोनशे एकवीस.
पुन्हा मोजलं. तेवढेच.
राहिली एक.
दोन्ही गोल कोरे, आणि समासात
पेन्सिलीनं, शाळेतल्यासारखं नीट:
एलरॉयला विचारा.

एलरॉय हाउगन मार्चमध्ये गेला.
चौतीस वर्षं ग्रेडर चालवला त्यानं.
कुठला चढ एप्रिलात खचतो,
कुठल्या मोरीत बीव्हर घर करतो,
कुठल्या म्हातारीच्या दारातलं बर्फ आधी काढायचं,
हे कुठल्याच फायलीत नव्हतं.
ग्रेडर तीन लाखांचा. निवृत्तीचं घड्याळ चाळीस डॉलरचं.
दोन्ही चेक माझ्याच अक्षरातले.

अक्षर हे मी ओळखलं.
कुत्र्याच्या परवान्यावर पाहिलंय, दरवर्षी,
आणि या वसंतात विधवा-वेतनाच्या अर्जावर.
असा फाटा देणारी बाई काउंटीत एकच.
मी काही बोलले नाही.
कायदा विचारतो, मतदाराचा हेतू स्पष्ट आहे का.
इतका स्पष्ट हेतू मी सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता.
मी लिहिलं: रद्द, एक.

मग नियमाप्रमाणे चिठ्ठ्या.
डेप्युटीची टोपी. दोन कागद, सारख्या घड्या.
हात त्याचाच, माझा थरथरतो हल्ली.
निघाला रुस्टाड.
त्याच्या बायकोनं आनंद केला नाही.
कोटाची बटणं लावताना एवढंच म्हणाली,
आता हिवाळाभर जेवायला उशीर होणार.

संध्याकाळी ड्वेन स्वतः आला, दारातच उभा राहिला.
त्या एका पत्रिकेवर होतं काय?
मी म्हटलं, कायद्यानं सांगता येत नाही.
त्यानं मान हलवली. बूट झटकले, आत यायचं नसतानाही.
म्हणाला, एलरॉय असता तर
दोन तुळया बदलून आणखी पाच वर्षं काढली असती त्यानं.
आणि गेला.

सोमवारी पहिला चेक फाडला.
पाट्या दोन, 'पूल बंद', खांबांसकट,
एकशे अठरा डॉलर.
खर्चाचं शीर्षक विचारतो संगणक.
यादी वर-खाली केली, दुसरं काही बसेना.
लिहिलं: पूल.