पाटी

इनोंगेनं मोंगूच्या दवाखान्यात
रुग्ण मोजलेच नाहीत.
फाटकावरच्या सिताली म्हाताऱ्याला म्हणाली,
जी पोरं इथवर येतात आणि न शिरताच वळतात,
त्यांच्या नावानं एकेक शेंगदाणा टाक डब्यात.

मार्चअखेर डबा हलवला तर वाजेना,
इतका गच्च.

कारणं साधीच.
शाळा सुटते चारला, दवाखाना मिटतो चारला.
बाकावर आत्या बसलेली, नाहीतर चर्चमधली बाई.
आणि केसपेपरवर वयाच्या खाली लगेच
नवऱ्याचं नाव.
एका पोरीनं तिथं बापाचं लिहिलं होतं,
मग खोडलं, कागद फाटेपर्यंत.

लुसाकाला बैठक झाली. चौतीस पानं.
त्यातलं मंत्रालयानं एक वाक्य उचललं:
स्वतंत्र दार असावं.

दार झालं. हिरवं. बाजाराच्या तोंडाशी.
वर हातभर अक्षरांत पाटी:
किशोरवयीन लैंगिक आरोग्य विभाग.
महिनाभरात त्या दारातून
फक्त एक शेळी आत गेली.

इनोंगे हसली नाही.
रात्री स्क्रूड्रायव्हर घेऊन आली,
सितालीनं टॉर्च धरला.
पाटी उतरवून विटांवर आडवी ठेवली, अक्षरं खाली.
बसायला बरी झाली.

पूर ओसरल्यावर, एकदा पाचच्या सुमारास
(नर्स अजून गेली नव्हती, तिला सांगून ठेवलेलं)
गणवेशातला एक मुलगा तिच्यावर टेकला,
बुटांकडे बघत म्हणाला,
मित्रासाठी विचारायचंय.

सितालीनं मुठीतला शेंगदाणा
तोंडात टाकला.