बिकॉजपर्यंत

साळवे मिस मोबाइलवर तीस मिनिटं लावतात
आणि डस्टरला टेकवून उभा करतात,
आकडे आमच्याकडे.
खालच्या मजल्यावर टायपिंगचा क्लास.
तिथली बोटं केव्हाच धावायला लागलीत.

रास्ता पेठेत वरच्या मजल्यावर आम्ही नऊ जण,
बँकेची परीक्षा, अडीचशे शब्द,
फळ्यावर इंग्रजीत: मला घडवणारी व्यक्ती.

मी दिवसभर घरोघरी जाऊन रक्त गोळा करतो.
म्हाताऱ्यांचीसुद्धा शीर मला एका फटक्यात सापडते.
इथं पहिलं वाक्य सापडायला अकरा मिनिटं.

आई, म्हटलं. आईच.
दत्तवाडीत पहाटे सत्तावीस डबे भरते,
झाकणांवर खिळ्यानं कोरलेली आडनावं,
कुणाला कांदा नको, कुणाचा गुरुवार.
यातलं काय इंग्रजीत जाईल?
कालवणाला 'करी' लिहिलं
तर आमटीला काय लिहू?

शेजारची मुबीना आत्तार पुरवणी मागते.
तिची खुर्ची सरकते ती माझ्या छातीत.

मी लिहिलं, माय मदर इज अ हाउसवाइफ.
पाचही शब्दांची स्पेलिंगं येत होती म्हणून.

मराठीत क्रियापद शेवटी येतं.
'थकलीस का, असं मी तिला रोज' इथवर येऊन
'विचारतो' की 'विचारणार होतो'
हे ठरवायला श्वासभर जागा उरते.
इंग्रजीत दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच कबूल करा,
केलंत की नाही केलंत.

मागच्या पेपरवर मिसनी लाल शाईनं
सतरा ठिकाणी 'द' घातले होते.
पहिल्यांदा भेटेल त्याला 'अ', म्हणाल्या,
ओळख झाली की 'द'.
मी विचारलं, मग आईला कुठलं लावायचं?
माय असली की काही लागत नाही, म्हणाल्या,
आणि स्वतःच थांबून हसल्या.
आम्हाला हसायला जरा उशीर लागला.

सव्वीस मिनिटं. अक्षर आता उताराला लागलंय.
शी नेव्हर सिट्स डाउन बिकॉज

मिसच्या मोबाइलमध्ये कोंबडा आरवतो,
रात्रीचे साडेआठ.
पेनं खाली.

एकशे त्र्याण्णव शब्द, त्यातला एक खोडलेला.
मिस माझ्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवतात:
बिकॉजनंतर कारण द्यावं लागतं, प्रल्हाद.
हो मिस.

घरी पोचतो तेव्हा डबे धुऊन पालथे घातलेले,
ओट्यावरून थेंब थेंब गळतंय.
'झाला का निबंध?'
'राहिला थोडा.'
'कुणावर होता?'
मी वाकून बुटाची गाठ सोडवत राहतो,
नसलेली.
ती ओल्या हातांनी उभीच.