नेलपॉलिशची रेघ

डिसेंबरात सकाळी सातला रेवती रेंजवर
वाळूच्या पोत्यांना दव सुटलेलं असतं
आणि बाबांच्या खिशात खुळखुळत असतात
जिरावणाच्या रिकाम्या डबीतले स्क्रू.

महूच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली त्यांनी.
अजून लोक येतात, दुर्बीण बसवलेली रायफल पुढे करतात:
कोकरेकाका, हिचं शून्य टिकतंय का बघा.

शून्य म्हणजे, बाबा मला सांगायचे,
बघशील तिथंच लागणं.
बाकी सगळी वजाबाकी.

आज रेमा डावर आली आहे, आलीराजपूरकडची,
पोलिसात शिपाई, उजवा खांदा काळानिळा.
तीन आठवडे तिच्या गोळ्या डावीकडे जातायत.
उस्तादांनी वहीत लिहून टाकलंय:
श्वास चुकतो. चाप झटकते.
तीही तेच सांगते, मान खाली घालून,
कबुलीजबाबाखाली अंगठा उठवावा तसं.

बाबा काहीच विचारत नाहीत.
माझ्या पर्समधली लाल नेलपॉलिश मागतात,
दोन रेघा ओढतात,
एक नळीवरून रिंगेवर,
एक रिंगेच्या पायावरून खालच्या पट्टीवर.
फुंकर घालून वाळवतात.
"चल, मार."

आवाजाआधी धक्का पोचतो माझ्या दाढांत.
तेवढ्यात त्या नळीत काय काय होत असेल,
भिंगं, स्प्रिंग, केसाएवढी फुली,
सगळी उडतात आणि पुन्हा आपल्या जागी बसतात,
किंवा बसलो म्हणतात.

लांबचं मी बघते, बाबांच्या वतीनं.
त्यांचे दोन्ही मोतीबिंदू पिकलेत,
हे रेंजवर फक्त मला माहीत.
वीस टिचक्या वर. गोळी.
वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे.
आकडे ते वाचत नाहीत, बोटांनी ऐकतात.
फिरून घरी यायला हवं,
पण चौकोन मिटत नाही.
शेवटची गोळी पहिलीच्या शेजारघरी.

"टिचक्या खऱ्या आहेत," बाबा पुटपुटतात.
"पोटात काही नाही हिच्या."
अंगठ्याचं नख पहिल्या रेघेवरून फिरवतात. सलग.
दुसऱ्या रेघेवर नख अडतं.
मी वाकून बघते:
लाल रेघ तुटून तिच्या दोन टोकांत
तांदळाच्या कणीएवढी फट.

"सांस ठीक है तेरी," ते रेमाला म्हणतात,
आणि डबीत स्क्रू शोधू लागतात.

ती बराच वेळ उस्तादांच्या वहीकडे बघत राहते.
उस्ताद म्हणतात, आता खोडता यायचं नाही,
साहेबांची सही झाली आहे.

जुने स्क्रू काढून, तेल पुसून, नवे आवळले.
जुन्या रेघेच्या शेजारी नवी ओढली.
पुन्हा पाच गोळ्या.
"कुठं?" बाबा विचारतात.
"मध्ये."
"पाचही?"
खोटं बोलावं का, असं क्षणभर वाटलं मला.
"चार. तिसरी उजवीकडे, दोन बोटं."

बाबा हसले, आज पहिल्यांदा.
"वो तेरी है," रेमाला म्हणाले.

रेमानं टोपी मागे सारली.
खांदा चोळत, जरा तोऱ्यातच म्हणाली,
"हाँ काका, वो मेरी."