मेणकापड

मे महिना, केगावचा माळ, त्रेचाळीस अंश,
आणि मी उणे ऐंशीच्या फ्रीजरसमोर
लाईट कधी जाईल याचा अंदाज बांधत उभी.
आतल्या डबीत एक निरोप आहे,
आरएनएच्या चार अक्षरांत लिहिलेला,
इतका हळवा
की माझ्या बोटाच्या घामानंही विरून जाईल.

तो पेशीत पोचवायचाय.
पेशीची भिंत, भिंत कसली, तेलाची साय ती,
त्याला दारात उभं करत नाही.
दोघंही ऋण भाराचे, एकमेकांना ढकलतात,
चार दिवसांनी आलेल्या नळावरच्या घागरींसारखे.

म्हणून स्निग्ध द्रव्यं घेते, चार जातींची.
त्यातलं एक कोलेस्टेरॉल,
डॉक्टरनं नानांची शेंगाचटणी बंद केली ती ज्याच्या पायी.
एका सिरिंजमध्ये ही चारी, अल्कोहोलात.
दुसरीत आंबट पाणी आणि निरोप.
दोन्ही एकदम दाबायच्या, जोरात,
हात कचरला की नुसते गोळे.
नीट जमलं तर डोळ्याची पापणी लवायच्या आत
पुडकी बांधून तयार,
केसाच्या जाडीत हजार बसतील एवढी.

हे मला पुस्तकानं शिकवलं असं म्हणतात.
पण नाना पंचवीस वर्षं सायकलवर हेच करत होते.
साखर पेठेत बुर्लांच्या दुकानात
जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पडायची.
त्या भोकांत अख्खी चादर असायची,
काठ, मोर, मधलं फूल,
फक्त सूत नसायचं.
नाना तो गठ्ठा मेणकापडात आवळायचे
आणि अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत नेऊन द्यायचे.
भोकं त्यांना वाचता येत नव्हती.
"आपल्याला काय करायचंय बे, मोर हाय का कोंबडा?
ओलं होऊ द्यायचं नाय. बस."

गेटावर वॉचमन त्यांना खोलीत बसवायचा.
"अंबादास, थांब. मालक जेवतायत."
पत्र्याखाली तास, दीड तास.
एकदा तर संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत.

पेशीही तेच करते.
पुडकं आत घेते, पण पिशवीत कोंडून,
मग पिशवी आंबवत नेते,
शेवटी सगळं पचवायला.
इथं माझे सात महिने गेले.
पुडकी आत, निरोप कोंडलेला,
सूक्ष्मदर्शकाखाली रोज तोच काळोख.
डबा न उघडता परत नेला, असे किती दिवस.

मग श्रीशैलनं नवी चरबी करून दिली,
आंबट लागलं की जिचा स्वभाव फिरतो.
बाहेर गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
पिशवीत आंबट चढलं की तिच्यावर धन भार येतो,
आतल्या सायीला ती अशी भिडते
की दोघींच्या झोंबाझोंबीत पिशवीच उसवते.

परवा रात्री नऊला
पहिला हिरवा ठिपका दिसला.
मग तिथंच बाजूला तीन.
निरोप वाचला गेला होता.
पेशी विणायला बसल्या होत्या.

शंभरातली दोनच पुडकी सुटतात, हेही लिहून ठेवते.
बाकीची वॉचमनच्या खोलीतच संपतात.
दोन पुरतात.

घरी, नीलम नगरला, नाना जागे होते.
कडक भाकरी आमटीत मोडत मी सगळं सांगितलं,
मराठीत सुरू केलं, अर्ध्यात तेलुगूवर गेले,
चरबीला तेलुगूत काय म्हणावं तिथं अडले.
ते ऐकत होते, पंखा ऐकतात तसे.
मग म्हणाले, "अन् मेणकापड?"

ते उरत नाही, नाना.
विरघळतं. पेशी खाऊन टाकते.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
"मी परत आणायचो," म्हणाले.
"झटकून, घडी करून, कॅरियरला लावून.
दुसऱ्या दिवशी लागायचं."

ते अजून आहे घरात.
मोरीपाशी पाण्याच्या बॅरलवर टाकलेलं,
वर वीट ठेवून.
पाणी आता शुक्रवारी येणार.